गाडीखालचं लाल पाणी

आमच्या गल्लीत पहाटेचा गजर कुणी लावत नाही. फकीराप्पा कडेमनी, म्हणजे आमचे काका, उठले की गल्ली उठते, कारण ते उठतात तेच कुणावर तरी ओरडत. दूधवाला उशिरा आला तर उशिरा आला म्हणून, वेळेवर आला तर दुधात पाणी घातलं म्हणून. आणि कुणीच सापडलं नाही तर त्यांच्याच माडीवर राहणारा भाडेकरू असतोच, म्हणजे मी. दिवसा मी मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो, म्हणून काका मला नावानं हाक मारत नाहीत. ‘ए कोल्ड स्टोरेज’ म्हणतात.

ब्याडगीची मिरची रंगाला लाल आणि तिखटाला बेताची. काकांच्या बाबतीत देवानं पोती बदलली असावीत. गाव ब्याडगी, माणूस जहाल गुंटूर.

जन्मभर त्यांनी सरकारी बस चालवली. शिरसी-कुमठ्याच्या घाटात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला काचेतून नुसता डोळा वटारून मागे सरकवणारा ड्रायव्हर, अशी त्यांची ख्याती. रिटायर झाले तेव्हा डेपोनं शाल दिली, नारळ दिला. आणि क्लचनं दिला डावा गुडघा. त्या बसचा क्लच म्हणजे उखळ. रोज शेकडो वेळा दाबायचा. वर्षानुवर्षं दाबून गुडघ्यातलं वंगण संपलं. काका मांडी घालत नाहीत, उकिडवे बसत नाहीत, चपलेचा अंगठा सुटला तर वाकत नाहीत. उभ्या उभ्या चपलेलाच शिव्या देतात. गुडघ्याचं कुणाला सांगितलं मात्र नाही. डॉक्टरला माहीत होतं, आणि मला, कारण डॉक्टरकडे मीच नेलं होतं. “मुलाला सांगितलंस तर खोली खाली कर,” असं त्यांनी मला रस्त्यातच बजावलं होतं.

मुलगा विरेश बेंगळूरला असतो. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी बापाला पाठवून दिली. ती ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. पहिल्या दिवशी काका तिच्यात बसले, मी शेजारी. रेल्वे फाटकाजवळ शेळी आडवी आली आणि त्यांच्या डाव्या पायानं जुन्या सवयीनं क्लच शोधला. क्लच नव्हता, ब्रेक होता. त्यांनी तो उखळासारखा दाबला. माझं कपाळ पुढच्या काचेवर.

“ही गाडी आहे का पाळणा?” काका गरजले. “चालवणाऱ्याला काम नको? बिनपायाची अवलाद!”

शेळी गेली, टेंगूळ राहिलं. पण त्या दिवसापासून काकांचा चेहरा बदलला. डावा पाय बाजूला आखडून ठेवायचा आणि उजव्यानं गाडी हाकायची, हे जमलं की त्यांना अख्खा रस्ता पुन्हा मोकळा. रोज सकाळी मोटेबेन्नूरच्या हायवेपर्यंत जायचे, चार ट्रकवाल्यांना सुनवायचे आणि प्रसन्न होऊन परत यायचे. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसताच आलं नसतं. ही बिनपायाची गेली, तर स्टिअरिंग जन्माचं सुटलं. मग बाकीच्या म्हाताऱ्यांसारखं मारुतीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या.

आणि गाडी जाण्याची टांगती तलवार होतीच. श्रावणात त्यांनी घराच्या फाटकाला गाडीचा एक दरवाजा घासला होता. विरेश फोनवर म्हणाला होता, “अप्पा, आता एक जरी भानगड झाली ना, दसऱ्याला येतोय, गाडी घेऊन जाईन. तुमचं वय झालं.”

“वय तुझ्या गाडीचं झालंय,” म्हणून काकांनी फोन आपटला. पण नंतर तो दरवाज्याचा ओरखडा ओल्या फडक्यानं पुसत बसले. पुसल्यानं ओरखडा जातो होय?

समोरच्या घरात निलव्वाची खाणावळ. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी. काकू गेल्यापासून काका दोन्ही वेळा तिथंच जेवतात आणि दोन्ही वेळा नावं ठेवतात. निलव्वाही काही गाय नाही. हातानं भाकरी थापते आणि तोंडानं गिऱ्हाइकं. पण तिची एक रीत होती. दर मंगळवारी, शुक्रवारी आणि अमावास्येला खाणावळीची दृष्ट काढायची. हळदीत चुना कालवला की पाणी कसं लालभडक होतं, ते ओवाळायचं आणि रस्त्यावर ओतून टाकायचं. गल्लीचा उतार तिच्या दारातून काकांच्या फाटकाकडे.

असल्या ओतलेल्या पाण्याला आमच्याकडे कुणी शिवत नाही. ओलांडतसुद्धा नाहीत, वळसा घालून जातात. त्यात दुसऱ्याची दृष्ट उतरलेली असते. बोट लावलं की आली तुमच्या अंगावर. कुत्रीही लांबून जातात, निदान आम्हाला तसं वाटतं.

महालयाच्या अमावास्येला गल्लीभर कोहळे फुटले, दारोदार लाल पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या गाडीखाली तळहाताएवढा लाल डाग होता. त्याचं कुणाला काय वाटणार? तिसऱ्या दिवशी सगळी गल्ली वाळली, डाग मात्र ताजा. आणि त्याच सकाळी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. पुन्हा ‘टक’. काकांनी गिअरचा दांडा रागानं पुढे-मागे रगडला, तेव्हा कुठे इंजिन उठलं.

पुढे रोज तेच. खाली लाल, वर टक. शिवाय रेल्वेच्या पुलावर चढताना इंजिन कोकलायचं, गाडी मात्र जागची हलायला कां-कूं करायची.

“आवाज मोठा, काम शून्य,” काका म्हणाले. “आमच्या डेपो मॅनेजरसारखी.”

मग ते गप्प झाले. काका गप्प झाले की मला भीती वाटते. ते समोरच्या खाणावळीकडे बघत होते.

“कोल्ड स्टोरेज, हे पाणी रोज माझ्याच गाडीखाली कसं येतं रे?”

“उतार आहे काका.”

“उतार माझ्या बापाच्या काळापासून आहे. ही बया माझ्या गाडीवर करणी करतेय. मागच्या आठवड्यात मी म्हटलं नव्हतं का, तुझी भाकरी म्हणजे टायरचा तुकडा? तेव्हापासून सुरू झालंय.”

वाकून बघता आलं असतं तर त्यांनी बघितलं असतं. ज्या माणसानं उभा जन्म बसखाली डोकं घालून तेलाचा थेंब बोटावर घेतला, वास घेऊन कुठलं तेल ते सांगितलं, त्याला हे ओळखणं अवघड नव्हतं. पण गुडघा वाकत नव्हता, आणि वाकला असता तरी त्या लाल पाण्याला बोट लावायची छाती नव्हती. शिवाय बसमधलं तेल त्यांनी पिवळं पाहिलं होतं, काळं पाहिलं होतं. लाल तेल त्यांच्या हिशेबातच नव्हतं. लाल म्हणजे हळद-चुना, आणि हळद-चुना म्हणजे निलव्वा.

गॅरेजवाल्या दावलसाबाला बोलावलं. तो खाली वाकायला लागला तसे काका ओरडले, “खाली जाऊ नको! तिनं ओतलंय काहीतरी!” दावलसाब झटकन ताठ झाला. “बरं केलंत सांगितलंत. माझ्या घरी पोरीचं लग्न ठरलंय,” म्हणाला. “नजर काय, नाव विचारून लागत नाही.” त्यानं वरचं झाकण उघडून बॅटरीच्या तारा घासल्या, टाइट केल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी टक.

काकांनी खाणावळ सोडली. सकाळी केळी, संध्याकाळी चौकातलं चुरमुऱ्यांचं गिरमिट. आधीच तापट माणूस, त्यात पोटात चुरमुरे. गल्लीत वाऱ्यानं पानं हलली तरी पानांची खैर नव्हती. निलव्वा दारात येऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, “आज वांगी फक्कड झालीत हं! पण काहींच्या नशिबात गिरमिटच.” काका फाटक आपटायचे. फाटकाचं बिजागर त्याच आठवड्यात निखळलं.

खंडेपूजा आली.

खंडेपूजेला आमच्या गावात ज्याचं ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. अडत्यांच्या काट्यांना हार, शिंप्याच्या मशीनला हार, निलव्वाच्या तव्याला आणि परातीला हळद-कुंकू. दावलसाबानं पाने-हातोड्या पाटावर मांडून ठेवल्या होत्या. एकदा मांडल्या की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात नाही, मग गिऱ्हाईक रडो की मरो. गाड्यांचं तर विचारूच नका. धुवायच्या, केळीचे खुंट बांधायचे, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं. मग मालकानं गाडी चालू करून लिंबं चिरडत पुढे न्यायची. लिंबं फुटली, वर्ष निभावलं.

काका पहाटेच पांढरा शर्ट घालून तयार. गाडी झेंडूनं पिवळीधमक केलेली. गल्ली जमली. काका राजासारखे आत बसले, किल्ली फिरवली.

टक.

कुणीतरी खाकरलं. काकांनी दांडा रगडला.

टक.

दहा-बारा वेळा टक झाल्यावर मागून एक जण म्हणाला, “काका, धक्का मारू का?”

“ऑटोमॅटिकला धक्का मारून उपयोग नसतो, गाढवा!” काका गाडीतून उतरले. उतरताना डावा पाय ओढत उतरले. ते सरळ खाणावळीसमोर गेले. “निलव्वा! बाहेर ये!”

निलव्वा हळदीनं माखलेल्या हातांनी बाहेर आली. “काय झालं? सणाच्या दिवशी बेंबीच्या देठापासून कशाला ओरडतोस?”

“काय झालं विचारतेस? रोज माझ्या गाडीखाली लाल पाणी कोण ओततं? आज सणाच्या दिवशीसुद्धा सोडलं नाहीस! जा, बघ जा, आत्ता पण ओलं आहे!”

“मी माझ्या दारात ओतते. तुझ्या गाडीखाली ओतायला मला वेड लागलंय?”

“वेड नाही, जळफळाट! माझी गाडी चालते ते बघवत नाही तुला!”

“गाडी चालते?” निलव्वानं हात कमरेवर ठेवले. “कुठे चालते? मला तर लिंबाच्या मागेच दिसतेय अजून.”

गल्ली हसली. तिथं काकांचा तोल गेला. “चेटकीण!” म्हणाले. “नवरा खाल्लास, आता माझी गाडी खातेस!”

हसू तिथल्या तिथे थांबलं. निलव्वाचा नवरा मिरचीच्या ट्रकवरून पडून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही. शब्द तोंडातून निघाला आणि त्यांचा चेहराही उतरला, पण मागे घेतील ते फकीराप्पा कसले.

निलव्वा चालत गाडीकडे आली. रस्त्यावर गुडघे टेकून बसली. “मी ओतलं म्हणतोस ना? मी चेटकीण ना? मग बघ. माझ्या दृष्टीचं पाणी असेल तर ते माझ्याच कपाळी फुटू दे!” असं म्हणून तिनं गाडीखाली हात घातला, त्या लाल पाण्यात अख्खं बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर कपाळावर ओढलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी “अयाई” म्हणालं. काका दोन पावलं मागे सरले.

निलव्वा उठून उभी राहिली, डोळ्यांत अंगार. कपाळावरचा लाल ओघळ मात्र जागेवर राहीना. घसरत घसरत भुवईवर आला, तिथून नाकावर. तिनं तो पुसला. बोटाला बोट चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं.

“ड्रायव्हर,” ती म्हणाली, “हे तेल आहे.”

“काय?”

“तेल! कढईत माझा जन्म गेला, मला तेल कळत नाही? करडीचं नाही, शेंगाचं नाही, पण तेल आहे. जळकट वास येतोय.” ती पुढे आली आणि तेच बोट तिनं काकांच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत ओढलं. “घे! बघ! पाण्याचा डाग असा पडतो?”

काकांनी शर्टाकडे बघितलं. डाग पसरत होता. त्यांनी दोन बोटांत शर्ट धरून नाकाशी नेला, आणि जुना ड्रायव्हर त्या क्षणी सगळं समजला. ते त्यांच्या कानांवरून कळलं. काकांचे कान लाल होतात.

दावलसाब आला. हत्याराला हात लावायचा नव्हता, म्हणून नुसता टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. खालूनच बोलला, “काका, हिच्या गिअरचं तेल लालच असतं. दांड्याचा आस गिअरपेटीत जातो तिथलं ऑइल सील वाळलंय. एवढंसं रबर. तिथून तेल गळतंय ते बरोब्बर एका स्विचवर. गाडी उभ्या, म्हणजे पार्कच्या गिअरला आहे असं तो स्विच सांगतो, तेव्हाच ही सेल्फ घेते. तो तेलानं माखलाय, त्याला काही सांगता येत नाही. गळती आणि टकटक, दोन्ही दुखणी त्या एका रबराची. तेल इतकं उतरलंय की आता ही चालवायचीच नाही, पेटी जळेल. सील हुबळीहून मागवतो. पण दसरा झाल्यावर.”

“तेल लाल असतं होय कुठे!” काका ओरडले. “सरकारी गाडीत असलं काही नव्हतं!” आणि रागानं टायरला लाथ मारली. डाव्या पायानं. मग फाटक धरून बराच वेळ उभे राहिले. निलव्वाकडे बघितलं नाही. आत गेले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी गिरमिट आणू का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “विष आण.”

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारच्या बसनं विरेश आला. फाटकात झेंडू सुकलेली गाडी, चाकांखाली चारही लिंबं धडधाकट, आणि खाली लाल डबकं. विरेश तापट आहे, बियाणं तेच. पण तो ओरडत नाही, हळू बोलतो. ते जास्त लागतं.

“किती दिवस गळतंय अप्पा?”

काका खुर्चीत, तोंड भिंतीकडे.

“इतकं तेल गळालं आणि तुम्हाला दिसलं नाही? तुम्हाला? ड्रायव्हरला? मग रस्त्यावरचं माणूस तरी दिसेल का?” त्यानं खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातली. “सील बसलं की दावलसाबच गाडी बेंगळूरला पोचवेल. बास झालं.”

काकांनी रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

तेवढ्यात दारात निलव्वा. हातात बन्नीची, म्हणजे शमीची पानं, आमच्याकडचं दसऱ्याचं सोनं. दसऱ्याला आमच्याकडे बन्नी घेऊन कुणीही आलं तरी घ्यावी लागते. दारातून परतवता येत नाही. ती पहिल्यांदा विरेशला म्हणाली, “बन्नी घे बाळा, सोन्यासारखं राहू.” मग डबक्याकडे बोट केलं. “त्याला का बोलतोस? त्याला काय माहीत? दृष्टीचं पाणी मीच ओतत होते रोज. त्याखाली तुमचं तेल कुणाला दिसणार? चूक माझी आहे.”

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. काल ज्या आरोपासाठी हिनं कपाळावर शपथ ओढली, तोच आज स्वतःच्या पदरात घेत होती.

काका मात्र ताडकन उठले. उठताना गुडघा कट्‌कन वाजला, सगळ्यांनी ऐकला. “खोटं बोलतेय ती! सणासुदीला खोटं! तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?” मग विरेशकडे वळले. “तिनं काही ओतलं नाही. तेलच होतं. मी हिला करणी करतेस म्हणालो. चेटकीण म्हणालो, आणखीही नको ते बोललो. आणि तेल मला दिसलं नाही, कारण मला वाकता येत नाही! ऐकायचंय ना? गुडघा गेलाय! क्लच दाबून दाबून गेलाय! चपलेचा अंगठा लावता येत नाही मला! तुझ्या त्या बिनपायाच्या गाडीशिवाय दुसरी गाडी मला चालवता येत नाही, आणि ती तू घेऊन चाललायस! जा, घेऊन जा!”

एवढं बोलून ते धापा टाकत उभे राहिले.

विरेशनं बापाचा पाय बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला. “मला का नाही सांगितलंत?”

“सांगून तू काय करणार होतास? तुझा गुडघा बसवणार होतास?”

“वाकता येत नाही आणि गाडी चालवता?”

“गाडी बसून चालवतात! वाकून कोण चालवतो?”

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. विरेशला मात्र आलं नाही. तो म्हणाला, “मग खाली बघणार कोण? उद्या ब्रेकचं तेल गळलं तर?”

“मी बघीन,” निलव्वा म्हणाली. “रोज सकाळी रांगोळीला वाकतेच मी. तिथंच आणखी एकदा वाकेन. बोट लावून बघेन. ओलं असेल तर किल्ली माझ्याकडे.”

“हिच्याकडे? किल्ली?” काका.

“तुला बोलायचं तोंड आहे का, ड्रायव्हर?”

काकांनी निलव्वाच्या हातातली बन्नी ओढून घेतली, तिच्या पायाकडे न बघता पुटपुटले, “काल बोललो ते... ते बोलायला नको होतं. बास.” वाकता येत नव्हतं म्हणून नुसते हात जोडले, तेही भांडल्यासारखे.

विरेशनं खिशातून किल्ली काढून बापाच्या तळहातावरच्या बन्नीवर ठेवली. “एक दिवस जरी न बघता गाडी काढलीत ना अप्पा...”

“धमक्या देऊ नको. जेवून घे, वांगी असतील आज.”

सील हुबळीहून आलं. दावलसाबानं ते बसवलं, स्विच साफ केला, नवं लाल तेल भरलं. काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात उठलं. चाकांखालची लिंबं तोवर वाळून दगड झाली होती. तीन पिचली. चौथं टायरखालून सुसाट उडालं आणि थेट निलव्वाच्या परातीवर ठणकन आदळलं. त्यावरून जे भांडण झालं ते ऐकायला पुढच्या गल्लीतली माणसं आली होती.

हल्ली आमची पहाट दोन आवाजांनी होते. रांगोळी घालून झाली की निलव्वा काकांच्या फाटकात वाकते, गाडीखालच्या फरशीवर बोट फिरवते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, “कोरडं आहे!”

आणि आतून काका, किल्ली हातात घेऊन, लंगडत येतात. “नीट बघितलंस का? आधी हात पुसलेस का? परवासारखं तुझ्याच वांग्यांचं तेल लागलेलं असायचं!”